पत्रकातली बाई

आमच्या टी-शर्टच्या पाठीवर लिहिलेलं होतं, 'मी आपली काय मदत करू?' त्यामुळे लोक माझ्या पाठीशीच बोलायचे. मी वाकून खालच्या फळीवर तूरडाळीची पाकिटं लावत असायचे आणि मागून आवाज यायचा, "ओ मॅडम, साबुदाणा कुठंय?" मी वळेपर्यंत विचारणारा मोबाईलमध्ये घुसलेला. "सरळ जाऊन डावीकडे," मी सांगायचे. तो जायचा. एकमेकांचं तोंड बघायची गरज दोघांनाही पडायची नाही. एकदा संध्याकाळी सिडकोतल्या माझ्या खोलीवर पोचले, चप्पल काढली आणि लक्षात आलं की आज दिवसभरात आपण 'सरळ जाऊन डावीकडे' याखेरीज एकही वाक्य बोललेलो नाही.

दुकान मोठं होतं. खाली किराणा, वर कपडे. देशभर दुकानं असलेली कंपनी. तिचं नाव इथे लिहीत नाही. कोणाचंच लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

मी तिथे कशी लागले ते थोडक्यात सांगते. घर देवळ्याला, शिक्षण नाशिकला. कॉलेजात असताना एका विद्यार्थी संघटनेत होते. बसपासासाठी भांडलो, वसतिगृहाच्या पाण्यासाठी भांडलो, आणि प्रत्येक वेळी पत्रक मी लिहिलं. मग परीक्षा संपल्या. एक जण स्पर्धा परीक्षेच्या क्लासला पुण्याला गेला, एकीचं लग्न झालं, दोघे अंबडला कंपनीत चिकटले. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वाढदिवसाचे केक तेवढे उरले. मला खोलीचं भाडं द्यायचं होतं. दुकानात 'मुली पाहिजेत' असा बोर्ड होता, मी आत गेले.

पहिल्याच दिवशी सांगितलं, तुम्ही कामगार नाही, टीम मेंबर आहात, आपण सगळे एक कुटुंब. आणि त्याच दमात नियम: फ्लोअरवर दोन टीम मेंबर एका जागी दिसता कामा नयेत. दोघी एका गल्लीत उभ्या दिसल्या की कॅमेऱ्याच्या खोलीतून मॅनेजर सरांच्या वॉकीटॉकीवर आवाज जायचा आणि सर गल्लीच्या तोंडाशी येऊन नुसते खाकरायचे. असलं कुटुंब मी पहिल्यांदाच बघत होते. सुट्ट्यासुद्धा अशा वाटलेल्या की एका सेक्शनमधल्या दोघींना एक दिवस मिळू नये. माझा वार बुधवार. बुधवारी अख्खं नाशिक कामावर आणि मी खोलीत. कपडे धुवायचे, वाळत घालायचे, वाळलेले काढायचे. घरमालकांच्या टीव्हीवर कोण कोणाला रागावतंय ते भिंतीतून ऐकायचं.

बोलायला मिळायचं ते एकाच ठिकाणी, परतीच्या ट्रॉलीपाशी.

लोक ट्रॉली भरभरून सामान घेतात आणि बिलिंगला आल्यावर अर्ध्याचा विचार बदलतो. नको असलेलं तिथेच टाकून जातात. ते सगळं एका ट्रॉलीत जमा व्हायचं आणि दिवसातून चार-पाच वेळा मी ती ट्रॉली बिलिंगवरून घेऊन वस्तू पुन्हा जागेवर लावायचे. ट्रॉली देताना वस्तू मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. ते काम असल्यामुळे तेवढी दोन मिनिटं दोघींना एकत्र उभं राहायची परवानगी होती. चार नंबरच्या काउंटरवर जी ताई होती ती ही मोजणी फार सावकाश करायची.

"हात चालू ठेव," ती म्हणायची. "वर बसलेल्याला हात दिसत्यात, तोंड नाय दिसत."

ती चाळिशीच्या आसपासची. येवल्याची, विणकराच्या घरातली. ट्रॉलीतली एकेक वस्तू उचलून ती तिचा इतिहास सांगायची. "हे बघ. नवऱ्याचं दाढीचं सामान परत, सोताची क्रीम ठेवली. शहाणी हाय बाई." किंवा, "दोन किलो साखर घेतली अन् मधुमेहाची बिस्किटं टाकून गेला. मरतोय आता." मी हसले की दटावायची, "दात नको दाखवू. दात दिसत्यात त्यांना."

ही दोन-दोन मिनिटं जोडून माझं त्या काळातलं सगळं बोलणं झालेलं आहे. आठ महिने. हिशोब केला तर फार होत नाही. पण त्या आठ महिन्यांत मला तेवढंच मिळत होतं.

ताईचे पाय सुजायचे. बिलिंगवर बसायला काही नव्हतं. नऊ तास उभं. गिऱ्हाईक नसलं तरी उभं, कारण बसलेला माणूस आळशी दिसतो, असं कंपनीचं मत. सलवार जरा वर करून तिने एकदा पोटरी दाखवली. शिरा निळ्या, जागोजाग गाठी मारल्यासारख्या.

"आमच्याकडं सगळं काम बसून," ती म्हणाली. "मागाखाली खड्डा असतो, पाय खड्ड्यात सोडायचे अन् बसायचं. मी सात वर्षांची असल्यापासून बसलेली हाय. हे उभं राहायचं माझ्या पायांना कोणी शिकवलंच नाय."

तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, चांगलं ठसठशीत, युनिफॉर्मच्या कॉलरवर काढून घातलेलं. नवरा अंबडला कंपनीत, कायम दुसरी पाळी, असं सगळ्यांना माहीत होतं. पॅकिंगवरचा एक माणूस होता, बायकांशी चावट बोलणारा. तो ताईला मात्र 'वहिनी' म्हणायचा आणि लांबून बोलायचा.

ते अंबडचं खोटं होतं. हे तिने मला चार-पाच ट्रॉल्यांमध्ये मिळून सांगितलं. एका दिवशी एवढंच, की तो गेला. दुसऱ्या दिवशी, की मेला नाही, गेला, दुसरीकडे घर केलं. मग एकदा, की मुलगी तेव्हा तिसरीत होती, आता दहावीला आहे. मी विचारलं, मग हे मंगळसूत्र कशाला? तेव्हा माझ्या अंगात संघटना होती, मला असल्या गोष्टींचा राग यायचा.

ती साबणाच्या वड्या मोजत राहिली. "नवरा हाय म्हटलं की लोक अंतर ठेवत्यात. अन् खोली कशी मिळंल? एकट्या बाईला देत नाय म्हणली मालकीण, तोंडावर. मी म्हणलं, एकटी कुठं, मालक सेकंड शिफ्टला असत्यात. तिला रोज कपड्याच्या दोरीवर एक शर्ट दिसतो." ती हसली. "माझ्या भावाचा हाय. धुऊन धुऊन इटला बिचारा."

डिसेंबरात सरांनी सांगितलं की पुढच्या महिन्यात मोठे साहेब दुकान बघायला येणार. सगळे फळ्या पुसायला लागले. मी ठरवलं, निवेदन द्यायचं. मागणी एकच: बिलिंगवर स्टूल. जास्त मागितलं की काहीच मिळत नाही, हे मी बसपासाच्या वेळी शिकले होते.

सह्या गोळा करताना एक गंमत कळली. सही करायला सगळे तयार होते, पहिली सही करायला कोणी तयार नव्हतं. "तू बाकीच्यांची घे, मग माझी आहेच." प्रत्येक जण हेच. शेवटी मी माझी सही सगळ्यात वर ठोकली. खाली चौदा जण आले. ताई म्हणाली, "सही करते. पण माझं नाव कुठं घालू नकोस, ते लिहिण्याबिहिण्यात."

"नाही घालणार ताई. शब्द."

निवेदन साहेबांसाठी, पण दुकानातल्या सगळ्यांनी आधी वाचावं म्हणून मी त्याचं पत्रक केलं. संघटनेत एक दादा होता, मला लिहायला त्यानेच शिकवलं. तो सांगायचा, आकडा लोक विसरतात, माणूस विसरत नाहीत. पत्रक माणसापासून सुरू कर आणि माणूस खरा घे, खोटा माणूस वासावरून कळतो. मी बुधवारी बसून लिहिलं. सुरुवात अशी होती:

'ती येवल्याची आहे. तीस वर्षं मागावर बसून तिने पैठणी विणली. नवऱ्याने टाकल्यावर मुलीला घेऊन ती नाशिकला आली. आज ती आपल्या बिलिंग काउंटरवर नऊ तास उभी असते. तिच्या पोटऱ्यांतल्या शिरांना गाठी पडल्या आहेत. कंपनी तिला कुटुंबातली म्हणते. कुटुंबातल्या बाईला कोणी बसायला स्टूलसुद्धा देत नाही?'

यापेक्षा चांगला परिच्छेद मी आजवर लिहिलेला नाही. नाव कुठेही नव्हतं. मी दोनदा तपासलं.

इथे एक सांगून ठेवते. येवलं आणि माग हे दोन्ही मी या लेखात बदलून घातलेले आहेत. तिचं गाव दुसरं आहे, काम दुसरं आहे, तेही बसूनच करायचं. आणखीही काही इकडचं तिकडे केलं आहे, आणि ती आता नाशिकमध्ये राहत नाही. नाव झाकून माणूस झाकला जात नाही, हे इतकं साधं आहे. पण त्या बुधवारी हे मला सुचलं नाही. मी खरं तेच लिहिलं, कारण मला खरं लिहायला शिकवलेलं होतं.

गुरुवारी सकाळी मी जेवणाच्या खोलीतल्या टेबलांवर पत्रकं ठेवली. दुपारी आत गेले तर सगळे वाचत होते. आनंद झाला मला. एवढे लोक एकदम माझं काहीतरी वाचतायत, हे फार दिवसांनी होत होतं.

तेवढ्यात पॅकिंगवाला म्हणाला, "येवल्याची म्हणजे?" आणि मान वळवून ताईकडे बघितलं. "आयला, वहिनी! मग दादा सेकंड शिफ्टला कुणाकडं असतात?"

एक-दोघं हसले. बाकीच्यांनी डब्यात मान घातली, आणि ते जास्त वाईट होतं. ताईने पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. ती अक्षराखाली बोट धरून वाचायची. मग चार घड्या घातल्या आणि युनिफॉर्मच्या खिशात ठेवलं.

"नाव नाय घातलंस," ती मला म्हणाली. "शब्द पाळला."

ती उठून काउंटरवर गेली. अर्धी चपाती डब्यात तशीच होती.

दुसऱ्या दिवसापासून पॅकिंगवाला तिला वहिनी म्हणेनासा झाला. नावाने हाक मारायला लागला. पिशव्या देताना काउंटरच्या आतल्या बाजूने यायला लागला, जिथे यायचं त्याला काही कारण नव्हतं. मी एकदा त्याच्यावर ओरडले. तो म्हणाला, "तूच लिहिलंस ना, कोणी नाही तिला? मदत करतोय."

ट्रॉली मी घ्यायला जायचे तेव्हा ताई मोजून द्यायची. बारा, तेरा, चौदा. झालं. मी "ताई, ऐका ना" म्हटलं की "पंधरा" म्हणायची.

चौथ्या दिवशी ती स्वतःहून बोलली. वस्तू मोजता मोजता, आवाज न बदलता. "बिस्किटाच्या सेक्शनवरची पोरगी आमच्या गल्लीत राहती. तिनं कागद घरी नेला. मालकिणीनं वाचला. मला विचारलं. मी म्हणलं, दुकानातल्या एका पोरीनं मनानं बनवून लिहिलंय, तिला खोड हाय तशी. मालकीण म्हणती, मी येऊन तिलाच विचारते. शनिवारी यील." तिने शाम्पूची बाटली ट्रॉलीत ठेवली. "मार्चमधी परीक्षा हाय पोरीची. शाळा दोन गल्ल्यांवर. आता जानेवारीत मी खोली कुठं हुडकू? तू काय सांगायचं ते तू ठरव."

तिने मला सांग किंवा नको सांग म्हटलं नाही. विनवलंही नाही. मला तेच सहन झालं नाही.

त्याच दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझं पत्रक. मला वाटलं ओरडतील. ते माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठे असतील.

"मॅडम, मला स्टूल नकोत असं समजू नका," ते म्हणाले. "माझीपण कंबर जाते. साहेब शुक्रवारी येतायत, निवेदन मी स्वतः पुढे ठेवतो. पण ते वाचणार आणि पहिला प्रश्न विचारणार, ही बाई कोण? खरी असेल तर त्यांच्यासमोर उभी करा. नसेल तर तसं लिहून द्या, म्हणजे विषय संपला."

"खरी असून समोर यायचं नसेल तर?"

"मग साहेबांसाठी ती नाहीच."

संध्याकाळी दादाला फोन लावला. दोन वर्षांनी. त्याने आवाज ओळखला, मला बरं वाटलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "पत्रक मागे घेतलंस की संपलीस. त्या ताईंना समजव. त्यांच्यासारख्या शेकडो जणी उभ्या आहेत, एकट्या त्यांचा प्रश्न नाही."

मी विचारलं, "दादा, तुझ्या पत्रकांत माणसं असायची ना, ती नंतर कुठे गेली?"

"म्हणजे?"

"म्हणजे पुढे काय झालं त्यांचं?"

 तो म्हणाला, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू.

तो चूक बोलत होता असं मी आजही म्हणणार नाही. बायकांना नऊ नऊ तास उभं करून वर कुटुंब म्हणणारी कंपनी नालायकच आहे. स्टुलाची मागणी शंभर टक्के बरोबर होती आणि आहे. पण तो शेकडो म्हणाला तेव्हा मला एकही चेहरा दिसेना. ताईचा दिसत होता.

शुक्रवारी सकाळी मी लिहून दिलं: 'पत्रकातील स्त्री काल्पनिक आहे. अशी कोणतीही व्यक्ती या दुकानात काम करत नाही. मजकूर मी माझ्या मनाने लिहिला.' खाली सही. ही मात्र एकटीचीच. सरांनी ते वाचून दाखवलं, आणि साहेब म्हणाले, जिथे उदाहरणच खोटं तिथे तक्रारीचं काय बोलायचं. पाच मिनिटं लागली असतील. मग ते फळ्या बघायला गेले. फळ्या स्वच्छ होत्या.

जेवणाच्या खोलीत चौदा जण माझी वाट बघत होते.

"आमच्या सह्या घेतल्यास आणि खोटं लिहिलंस?"

"आमची नावं आता साहेबांकडं आहेत, कळतंय का तुला?"

"पुढारी व्हायचंय हिला."

यातली एक मुलगी सगळ्यात जास्त चिडली होती, तिला रडू येत होतं. तिला पाळीच्या दिवसांत फार त्रास व्हायचा, काउंटरला धरून उभी राहायची. तिचं म्हणणं खरं होतं. मी तिला काहीच सांगू शकत नव्हते. पॅकिंगवाला कोपऱ्यात होता. तो माझ्याकडे आणि मग ताईकडे बघत होता. त्याला आता नक्की काय ते कळेना, हे त्याच्या तोंडावर दिसलं, आणि त्या दिवसातली तेवढीच एक गोष्ट मला आवडली.

शनिवारी मालकीण आली. जाडसर, साडीला पिन केलेली, हातात कापडी पिशवी. माझी पाठ न वाचता सरळ समोर येऊन उभी राहिली.

"तूच का ती लिहिणारी?"

"हो."

"आमच्या भाडेकरणीवर लिहिलंस?"

"त्यांच्यावर नाही काकू. मनानेच लिहिलं. येवल्याचं नाव सहज घातलं. मला माहीतच नव्हतं त्या तिकडच्या आहेत."

"नांदत्या बाईला टाकलेली म्हणतेस? लाज नाही वाटत?" तिचा आवाज चढला. गल्लीतली दोन गिऱ्हाइकं थांबली. "तुला आईबाप आहेत की नाही? शिकवलं काय तुला?"

"चुकलं काकू."

"मला काय सांगतेस? तिला सांग!"

तिने माझं मनगट धरलं आणि मला चार नंबरच्या काउंटरपर्यंत नेलं. सगळ्या रांगेसमोर. ताई एका गिऱ्हाइकाचं बिल करत होती. तिने मशीन थांबवलं नाही.

"सॉरी ताई," मी म्हटलं. "मी खोटं लिहिलं."

ताईने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, अगदी अनोळखी माणसाकडे बघावं तसं, आणि म्हणाली, "असं कुणाच्या संसारावर लिहू नये, पोरी."

मालकिणीचं समाधान झालं. "तुझ्या मालकांना सांग, मी झापलंय हिला," ती ताईला म्हणाली, आणि तूप कुठल्या गल्लीत आहे ते विचारून आत गेली.

दुपारी जेवणाच्या खोलीत माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. मी डबा उघडला. थोड्या वेळाने ताई आली, दारात जरा थांबली, आणि दोन टेबलं सोडून बिस्किटवाल्या पोरीशेजारी जाऊन बसली. तिला तिथेच बसायला हवं होतं. माझ्याजवळ बसली असती तर सगळ्यांना पुन्हा सगळं कळलं असतं. तिची खोली राहिली, मुलीने परीक्षा त्याच शाळेतून दिली, आणि मार्चपर्यंत रोज ती तिथेच बसली.